टिटवीची एकतीस पानं

एका जंगलात पाणी कमी होतं, पण रेंज भरपूर होती.

हसू नका, बाळांनो. असतात अशी जंगलं. उन्हाळ्यात पाणवठ्यावर नुसता चिखल उरायचा. त्या चिखलात पाय रोवून सगळी जनावरं माना खाली घालून उभी असायची. पूर्वी पाण्यात स्वतःचं तोंड बघायची, आता मोबाइलमध्ये बघायची.

या जंगलात एक टिटवी राहायची. तळ्याकाठी उघड्यावर अंडी घालते आणि कुणी जवळ आलं की रान डोक्यावर घेते, तीच टिटवी. आपली टिटवी मात्र ओरडायची कमी आणि लिहायची जास्त. तिनं 'वारूळ उडालं' नावाची विज्ञानकथा लिहिली होती. चांगले जाडजूड तीन भाग. एका वारुळातल्या वाळव्यांना कळतं की आपलं जंगल आता राहण्यासारखं उरलं नाही. मग त्या आख्खं वारूळच आकाशात उडवतात आणि चंद्रावर थोडा मुक्काम करून तांबड्या ग्रहाकडे निघतात. त्यांच्या सेनापतीचं नाव करकरदंत. तो दर दहा पानांनी कुणाशी तरी लढतो.

जनावरांना करकरदंत फार आवडायचा. त्याच्यावर मालिका निघाली. माकडं त्याचे मुखवटे घालून फिरायला लागली. पुस्तकं किती जणांनी वाचली ते मात्र विचारू नका. मी एकदा विचारलं, तर सगळ्यांना एकदम घाईची कामं आठवली.

चौथा भाग शेवटचा होता. तो टिटवीच्या डोक्यात बारा वर्षं तयार होता. वारूळ तांबड्या ग्रहावरून परत निघतं, काळोखात वाट चुकतं, सगळे हाय खातात, आणि तेवढ्यात लांब चंद्रावर एक दिवा दिसतो. तो दिवा एका म्हाताऱ्या वाळवीनं जपलेला असतो. दुसऱ्या भागात ती एका ओळीपुरती येऊन गेलेली होती. निघायच्या गडबडीत सगळे तिला चंद्रावरच विसरले होते. टिटवीनं तीन भाग लिहिले ते खरं म्हणजे या एका दिव्यासाठी.

तिचा प्रकाशक होता तरसशेठ. तो एक दिवस हसत हसत आला. तरस हसत आला की समजावं, कुणाचं तरी काहीतरी जाणार आहे.

"टिटवीबाई, चौथ्या भागाला अजून वर्ष लागणार," तो म्हणाला. "तोवर गिऱ्हाईक गार पडतं. मधल्या काळात एक बारकंसं काहीतरी द्या. ई-बुक. छापायला नको, बांधायला नको. मालिका चालू आहे तोवर खपून जाईल."

टिटवीनं त्या म्हाताऱ्या वाळवीचीच गोष्ट लिहायला घेतली. उन्हात अंडी उबवत बसल्या बसल्या लिहिली. एकतीस पानं झाली. नाव ठेवलं 'दिव्यापाशी एकटी'. त्यात लढाई नाही. म्हातारी रोज दिवा पुसते, त्याच्याशी भांडते, आपल्याला टाकून गेलेल्यांना शिव्या घालते. "येऊ देत मेल्यांना, एकेकाची खरडपट्टी काढते," म्हणते. आणि म्हणता म्हणता वात सारखी करते. बस, एवढीच गोष्ट. मी वाचली आहे. चांगली आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, कारण मी तिला तारे दिलेले नाहीत.

तरसशेठनं पुस्तक हातात घेतलं, म्हणजे मोबाइल हातात घेतला, आणि अंगठ्यानं सर्रकन शेवटापर्यंत गेला.

"छान आहे," तो म्हणाला. "किंमत दोन बोरं ठेवू. आता एक गंमत करू. सव्वा महिना वाचकांची मतं घेऊ. पाचपैकी सरासरी तीन तारे पडले, तर चौथा भाग तुम्ही लिहा. कमी पडले, तर वाचकांना काय हवंय ते त्यांच्या मतांतूनच काढू आणि माकडांकडून लिहून घेऊ."

"माझी गोष्ट? माकडांकडून?"

"तुमची कशी? करारात माझी आहे. वाचा की करार."

टिटवीनं करार वाचला नव्हता. करकरदंताच्या जबड्यात किती दात असावेत यावर तिनं तीन महिने अभ्यास केला होता, पण करार काही वाचला नव्हता.

पुस्तक निघालं आणि मतं यायला लागली. अकलेचे तारे तोडायची एवढी सुंदर सोय त्या जंगलात याआधी झाली नव्हती.

गव्यानं लिहिलं, "एक तारा. दोन बोरं घेतात आणि एकतीस पानं देतात! माझं शेपूट याहून लांब आहे."

सशानं लिहिलं, "पहिल्या पानावरच बॅटरी संपली. लेखिकेनं वाचकांचा विचार करायला हवा होता. एक तारा."

मोर म्हणाला, "पाच तारे! पाच! अजून वाचलं नाही, पण मुखपृष्ठाचा निळा थेट माझ्यासारखा आहे."

घुबडाला जंगलात विद्वान समजत, कारण ते दिवसा कुणाशी बोलत नसे. त्यानं लिहिलं, "चंद्रावर हवा नाही. दिवा जळेलच कसा? अशा प्राथमिक चुका करणाऱ्यांनी विज्ञानकथेच्या वाटेला जाऊ नये. दोन तारे." दिवा कसा जळतो ते टिटवीनं चौथ्या पानावर नीट समजावून सांगितलं होतं. घुबड तिसऱ्या पानावरूनच उडालं होतं.

अस्वलानं लिहिलं, "अप्रतिम. डोळ्यांत पाणी आलं. असं पुस्तक पुन्हा होणे नाही. तीन तारे. मी तीनच्या वर कुणालाच देत नाही. मधालाही तीनच दिलेत."

सांबर म्हणालं, "हे मालिकेत दाखवलेलं नाही. म्हणजे हे घडलेलंच नाही." या मुद्द्यावर त्याला एकशेचाळीस जणांनी पाठिंबा दिला.

रानडुकरानं लिहिलं, "चिखलात लोळताना चुकून दाबलं गेलं. काढता येत नाही. एक तारा."

आणि करकरदंत कुठे आहे, करकरदंत का लढत नाही, आमचा करकरदंत आम्हाला परत द्या, असं ओरडणाऱ्यांची तर रांगच लागली. मुखवटेवाली माकडं त्यात सगळ्यात पुढं होती. पुढे पुढे कुणी पुस्तकाबद्दल बोलेनासंच झालं. गवा अस्वलाच्या मतावर मत देऊ लागला, अस्वल गव्याच्या मतावर. दोघांची पाणवठ्यावर झोंबाझोंबी झाली. ती बघायला आलेल्यांनीही घरी जाऊन पुस्तकाला तारे दिले.

टिटवी रोज सगळी मतं वाचायची. तिला फार लागायचं. लिहिणाऱ्याला लागतं, बाळांनो. लागत नाही असं जो सांगतो तो खोटं बोलतो. कुणी म्हातारीला नावं ठेवली असती तरी तिला चाललं असतं. पण म्हातारीबद्दल कुणी एक अक्षरही बोलत नव्हतं. चंद्रावर विसरले ते विसरले, आता पुस्तकातही विसरले.

ज्यांच्या खुरांना किंवा पंजांना मोबाइलवरचे बारके तारे दाबता येत नसत, त्यांच्यासाठी तरसशेठनं जांभळीच्या झाडाखाली खारूताईला बसवलं होतं. येणाऱ्यानं मत तोंडी सांगायचं, तिनं तारे दाबायचे. तिच्याजवळ एक छापील यादी होती. 'मस्त' म्हटलं की पाच तारे. 'बरी आहे' म्हटलं की तीन. 'छोटी आहे', 'लवकर संपली', 'बोरं वाया गेली' यातलं काहीही म्हटलं की एक.

"मत आख्खं ऐकत बसू नकोस," तरसशेठनं तिला बजावलं होतं. "यादीतला शब्द आला की दाबायचं आणि पुढचा बोलवायचा."

खारूताई कामाला चोख होती. अशा चोख लोकांपासून जपून राहायला हवं.

सव्वा महिना संपत आला. मोरासारखे पाचवाले आणि गव्यासारखे एकवाले एकमेकांना ओढत राहिले, आणि शेवटच्या दिवशी दुपारी सरासरी बरोब्बर तीनवर येऊन थांबली. ना तसूभर वर, ना तसूभर खाली. सूर्य मावळला की मतं बंद होणार होती. टिटवी जांभळीसमोरच्या धोंड्यावर येऊन बसली. आता कुणी आलं नाही तर बारा वर्षांचं काम तिचं होतं.

उन्हं कलली, आणि वाटेवर कासवकाका दिसले.

कासवकाका तळ्यात राहायचे. जंगलात तिन्ही भाग अथपासून इतिपर्यंत वाचलेले तेच एकटे. रोज एक पान वाचायचं, मग पाण्यात बुडी मारून त्यावर विचार करायचा, अशी त्यांची पद्धत. मधे दोन दिवस खाडा पडला, म्हणून एकतीस पानांना तेहतीस दिवस लागले. वाचून झाल्याबरोबर निघाले, ते आत्ता पोचत होते.

"खारूताई, मत द्यायचंय गं," ते धापा टाकत म्हणाले.

"द्या की काका. पटकन द्या, दिवस मावळतोय."

"काय सांगू तुला! ती म्हातारी शिव्या देता देता वात सारखी करते ना, तिथं मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलंच नाही. पुढं काय होईल याची भीती वाटायला लागली. इतकं एकटं कुणी असू नये, आणि असलं तर असं असावं."

टिटवी धोंड्यावर पुढं सरकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी म्हातारीचं नाव काढलं होतं. तिला एकदम रडू आलं.

"काका, थोडक्यात सांगा," खारूताई म्हणाली.

"थोडक्यात म्हणजे, फार लवकर संपली गं. संपूच नये असं वाटत होतं."

खारूताईनं यादीवर बोट ठेवलं आणि एक तारा दाबला.

"अगं!" टिटवी किंचाळत खाली आली. "ते कौतुक करतायत!"

"करत असतील. पण 'लवकर संपली' म्हणाले. हे बघा, तिसरी ओळ. एक तारा."

"आणि 'संपूच नये असं वाटत होतं', ते?"

खारूताईनं यादी वरून खाली पाहिली, मग उलटून मागून पाहिली. "ते यादीत नाही," ती म्हणाली. "असं याआधी कुणी म्हणालंच नाही."

"मग पाच दाब, बाई," कासवकाका कळवळून म्हणाले. "माझे पाच दाब. दहा असतील तर दहा दाब."

"एकदा दिलेलं मत बदलत नाही, काका. नियम आहे."

सूर्य मावळला. सरासरी तीनच्या केसभर खाली होती.

तरसशेठनं दुसऱ्या दिवशी सभा भरवली. "वाचकांनी कौल दिला आहे," तो म्हणाला. "वाचकांपुढे आपण कोण?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण वाचक आहोत हे बऱ्याच जणांना तिथंच समजलं.

चौथा भाग माकडांनी आठ दिवसांत लिहून काढला. नऊशे पानं. करकरदंत पानापानावर लढतो. तो कुणाशी लढतो हे काही ठिकाणी राहून गेलं आहे. परत येताना काळोख नाही, वाट चुकणं नाही, काही नाही. वारूळ भर दुपारी बाराला येऊन उतरतं. चंद्रावरची म्हातारी त्यात नाही. नाही याची आठवणही कुणाला झाली नाही. सरासरी पडली चार पूर्णांक नऊ. गव्यानं लिहिलं, "याला म्हणतात पुस्तक. उचलवत नाही. वाचायला घेईन तेव्हा घेईन."

कासवकाका टिटवीकडे गेले. तीन दिवस लागले त्यांना. तिच्यासमोर जाऊन मान खाली घालून बसले.

"माझ्यामुळं झालं, पोरी," ते म्हणाले. "बाकी कुणाच्या नाही, माझ्या मतानं तुझं पुस्तक गेलं."

टिटवीनं चोचीनं एक खडा उडवला. रागावली होती का? थोडी होती. मग म्हणाली, "काका, चौथा भाग मला लिहिता येणार नाही. सांगता येईल. ऐकाल?"

कासवकाकांनी ऐकला. कितीतरी दिवस ऐकला. वारूळ वाट चुकलं तेव्हा त्यांनी श्वास धरला. लांब दिवा दिसला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्हातारी दारात उभी राहते, परत आलेल्या सगळ्यांकडे बघते, आणि ठरवलेली एकही शिवी तिला आठवत नाही. तिथं गोष्ट संपली.

जगातला कुठलाही लेखक जे विचारतो ते टिटवीनं विचारलं.

"कशी वाटली, काका?"

कासवकाकांनी तोंड उघडलं. त्यांना खूप काही म्हणायचं होतं. मग त्यांना जांभळीचं झाड आठवलं, यादी आठवली, आपणच बोललेलं वाक्य आठवलं. त्यांनी तोंड मिटलं. मान आत ओढून घेतली, मग पाय आत घेतले, आणि टिटवीसमोर नुसती पाठ उरली.

टिटवी वाट बघत बसली. कासवकाका त्या दिवशी बोलले नाहीत, आणि पुढंही कुठल्याच पुस्तकाबद्दल कधी बोलले नाहीत.

तात्पर्य: बाळांनो, पुस्तक वाचून मत देऊ नये, त्यानं लेखक बुडतो. न वाचता मात्र हवी तेवढी मतं द्यावीत. ती गोळा केली की त्यांचं नऊशे पानांचं पुस्तक होतं.