लुआआजींची फुंकर

नाम दिन्ह शहरातल्या आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी जेवणाच्या मधोमध माशाच्या खाऱ्या रसाची एकच वाटी असे आणि सगळे तिच्यातच घास बुडवत. लुआआजींच्या सुनेने, दिएपने, एके दिवशी प्रत्येकासमोर वेगळी वाटी मांडली.

"आई, पोटातला जंतू असाच पसरतो म्हणे. तुम्हाला सारखे करपट ढेकर येतात. तपासणी होईपर्यंत तुमच्या जेवणाच्या काड्यांनी छोट्या तोमच्या वाडग्यात काही वाढायचं नाही."

माशाच्या गालाचा मऊ तुकडा नातवाला वाढणं हा आजींचा हक्क होता. दुसऱ्याच दिवशी त्या नवऱ्याला, थ्वेनआजोबांना, घेऊन दवाखान्यात गेल्या.

नर्सने गोळी आणि एक पिशवी दिली. "उपाशीच आहात ना? ही गिळा आणि अर्ध्या तासाने पिशवीत फुंका. जंतू असला तर तो गोळी फोडतो आणि त्याचा वायू श्वासात येतो." एवढं सांगून ती पुढच्या पेशंटकडे गेली.

तेवढ्यात आजींना ढेकर आला. करपट.

"अहो, ही तुम्ही गिळा."

"मी? मला काय झालंय?"

"म्हणूनच. तुम्हाला दगडही पचतात. सकाळपासून काही खाल्लंय?"

"तू चूल पेटवलीस कुठे?"

"मग गिळा. आणि जोरात फुंका."

संध्याकाळी निकाल आला. कागदावर लुआआजींच्या पोटात भरपूर जंतू होते.

खरं सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर औषध. दिएप रोज समोर उभी राहून गोळ्या द्यायची. आजी त्या मुठीत दडवून परसात आजोबांकडे न्यायच्या.

"फुंकर तुमची, गोळ्याही तुमच्याच."

"तोंड कडूजहर झालंय गं! आणि माझी दारू?"

"ती बंद. जंतू तुमचे आहेत."

पुढच्या तपासणीला आजोबांनीच पुन्हा फुंकलं. निकाल स्वच्छ आला. दिएपने आनंदाने अख्खा मासा शिजवला आणि मधोमध एकच वाटी ठेवली. आजींनी गालाचा तुकडा उचलला, काड्या तोमच्या वाडग्याकडे वळवल्या. वाडग्यावर आजोबांचा हात आला.

"आधी फुंकून ये."

"असं काय करता बाबा? आईंनी दोनदा फुंकलं की!" दिएप म्हणाली.

आजोबांनी हात काढला नाही.

आजींनी तो तुकडा निमूटपणे स्वतःच खाल्ला. चव छान होती. मग त्यांना ढेकर आला.