बांधातला महामुंगूस

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. तळ्याला मातीचा बांध होता आणि बांधाखालच्या गोट्यांत टिटवीबाईंनी चार अंडी घातली होती. ती उचलून दुसरीकडे नेता येत नव्हती, कारण टिटवीला हात नसतात. हे आत्ताच लक्षात ठेवा. मी पुन्हा सांगणार नाही.

त्या जंगलात गोष्टी सांगणारे दोघं होते.

पहिला हुप्प्या वानर. तो महामुंगसाची गोष्ट सांगायचा. महामुंगूस पाठीला पळसाचं पान बांधून उडायचा, एका पंजावर डोंगर उचलायचा आणि दर संध्याकाळी जंगल वाचवायचा. काल वाचवलेलं जंगल आज पुन्हा संकटात कसं, असं कुणी विचारत नसे. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर आपण कुठे चाललोय, असं तुम्ही विचारता का?

दुसऱ्या आपल्या टिटवीबाई. त्यांची गोष्ट 'समजा'ने सुरू व्हायची. समजा, झाडं चालू लागली तर? समजा, सावल्या विकत मिळू लागल्या तर? त्यांच्या गोष्टीत कुणी शूरवीर नसायचा. जगातली एकच गोष्ट बदललेली असायची आणि तिच्यापायी बाकीचं काय काय बदलतं, ते बघत बसायचं. ऐकणारे डोकं खाजवत घरी जायचे.

जंगलाचा रिवाज असा, की गोष्ट ऐकणाऱ्यांनी हुंकार द्यायचा. 'हं' आला की गोष्ट पुढे, नाही आला की गोष्ट तिथंच बंद. हुप्प्याला 'हं, हं' मिळायचे. टिटवीबाईंना हुंकाराऐवजी 'पण का?' आणि 'मग?' मिळायचं, आणि तेही चालायचं. दोघांचं उत्तम चाललं होतं.

म्हणूनच दरबारानं त्यात लक्ष घातलं.

टिटवीबाईंना बांधात एक ओलं भोक दिसलं होतं. उंदरांचं काम. त्यांनी लगेच गोष्ट काढली, 'समजा, हा बांध फुटला तर?'

"पण का फुटेल?" सशिणीनं विचारलं.

"समजा, उंदरांनी पोखरला."

"मग बुजवायचा," रानडुक्कर म्हणाला आणि उठून उभा राहिला. "माती मी उकरतो. किती लागेल?"

नेमके तेव्हाच रंजन खात्याचे सचिव साळिंदरसाहेब आले. स्वतःच्या पाठीवरचा काटा उपसून ते शेरा लिहीत. त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि आकडे वाचले.

"हुप्प्या, हुंकार चारशे बारा. टिटवीबाई, हुंकार नऊ."

"अहो, मला प्रश्न आले," टिटवीबाई म्हणाल्या. "साठ-सत्तर तरी."

"प्रश्नांचा रकाना नाही."

मग हुकूम निघाला. उद्यापासून दोन्ही गोष्टी एकाच साच्यातल्या. दोन्हींत 'समजा' हवं आणि दोन्हींत महामुंगूस हवा.

"साहेब, नाही जमायचं," हुप्प्या म्हणाला. "माझ्या गोष्टीत मुंगूस आला की टाळ्या पडतात. बाईंच्या गोष्टीत तो आला की गोष्टच संपते."

"संपत नाही," साहेब म्हणाले. "भाग दोन सुरू होतो."

दुसऱ्या संध्याकाळी हुप्प्यानं हुकमाप्रमाणे सुरुवात केली. समजा, महामुंगूस उडण्याआधी विचार करू लागला तर? महामुंगसानं कड्यावर उभं राहून पळसाचं पान मोजलं. आपलं वजन अजमावलं. वारा बघितला. "छे, हे पान नाही पेलायचं," असं म्हणून तो खाली बसला. एकही हुंकार आला नाही. रिवाजाप्रमाणे गोष्ट तिथंच बंद. बिचारा अजून कड्यावर बसलेला असेल.

मग टिटवीबाई. "समजा, बांध फुटला," त्या म्हणाल्या. सगळे पुढे सरकले. साहेबांनी काटा उगारला. टिटवीबाईंनी डोळे मिटले. "तेवढ्यात महामुंगूस आला."

"हं," सगळं जंगल एका सुरात म्हणालं.

"आणि माती?" टिटवीबाईंनी रानडुकराला विचारलं.

"माती कशाला?" तो आरामात आडवा होत म्हणाला. "मुंगूस आहे ना."

आणि बांध खरोखरच फुटला.

आधी करंगळीएवढी धार, मग मनगटाएवढी. पाणी गोट्यांतून अंड्यांकडे निघालं. टिटवीबाई किंचाळत सुटल्या. बाकीचे सगळे मान वर करून आभाळात बघत होते. आभाळात कुणी नव्हतं.

तिसऱ्या रांगेत मात्र दगडू नावाचा एक खराखुरा मुंगूस बसला होता. गोष्टीचं त्याला काही नव्हतं. तो अंड्यांवर डोळा ठेवून आला होता.

"हा काय इथंच आहे की," सशीण ओरडली.

"वहिनी, मी साधा बिळात राहणारा मुंगूस आहे," दगडू म्हणाला.

"बघा, गर्वसुद्धा नाही."

त्यांनी दगडूच्या पाठीला पळसाचं पान बांधलं. रानडुकरानं त्याला उचललं, झोका दिला आणि फेकला. मुलांनो, त्या जंगलात मुंगूस उडाला तो तेवढाच. तो थेट भोकात जाऊन बसला, शेपूट तळ्यात आणि तोंड बाहेर. धार थांबली. अंडी वीतभर अंतरावर वाचली.

"दोन्ही शैलींचा यशस्वी संगम," साहेबांनी शेरा मारला.

तेव्हापासून सतरा भाग झाले. सगळे रोज बांधासमोर जमतात, दगडूकडे बघतात आणि 'हं' म्हणतात. दगडूच्या डोळ्यांसमोर अंडी फुटली, पिल्लं निघाली आणि त्याच्या नाकासमोरून तुरुतुरु पळूनही गेली. टिटवीबाईंनी त्यांना उडण्याआधी पळायला शिकवलं होतं.

टिटवीबाई अजूनही सभेत एकदा उठतात आणि विचारतात, "समजा, दगडूला शिंक आली तर?"

कुणी हुंकार देत नाही. गोष्ट तिथंच बंद पडते. फक्त बांधातून बारीक आवाज येतो, "बाई, नका हो आठवण करून देऊ."

तात्पर्य: बांधाचं भोक मातीनं कधीही बुजवू नये. मातीवर सतरा भाग निघत नाहीत.