मेजर लोरेटा व्हॅनहॉर्न मोकळ्या होतात

विमान आकाशात किती वेळ राहणार हे इंधन ठरवतं, आणि वैमानिक नोकरीत किती वर्षं राहणार हे फाइल ठरवते. दोहोंपैकी इंधन संपतं.

मेजर लोरेटा व्हॅनहॉर्नला हे छत्तिसाव्या वर्षी कळलं. हवाई दलाने उडायला शिकवलं, त्याच्या बदल्यात तिने दहा वर्षं मालवाहू विमानं चालवली. त्या काळात क्लेमेंटशी ठरलेलं लग्न चार वेळा पुढे ढकललं (दोनदा वाळवंटामुळे, एकदा बर्फामुळे, आणि एकदा एका जनरलसाहेबांच्या पियानोमुळे, जो तातडीने जर्मनीला पोचवायचा होता). अखेर ती हॉलोवेला, आपल्या मक्याच्या मुलुखात परतली. क्लेमेंट तिथल्या शाळेत बँड शिकवायचा. शिल्लक राहिलेल्या पत्रिकांच्या पाठीवर तो मुलांना सूर लिहून देई.

गावाबाहेर राखीव हवाई तुकडीचा तळ होता. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून पंधरा दिवस एवढंच काम.

"इतकंच?" लोरेटाने विचारलं.

"इतकंच, मेजर. आणि फक्त तीन वर्षांचा बॉण्ड," नोंदी सांभाळणारे सार्जंट वेंडेल क्रूप म्हणाले. क्रूप हे अत्यंत सज्जन गृहस्थ. "मी स्वतः दोनच वर्षांसाठी आलो होतो." (१९८९ साली.)

लोरेटाने सही केली.

तुकडीकडे हवेतल्या हवेत इंधन भरणारी विमानं होती, आणि लोरेटाला ती चालवता येत नव्हती. म्हणजे प्रशिक्षण आलं. आणि प्रशिक्षणामागून सेवाबंध, म्हणजे आणखी एक बॉण्ड, आला: तीन वर्षं, प्रशिक्षण संपल्या दिवसापासून. प्रशिक्षण संपण्यासाठी आधी ते सुरू व्हावं लागतं, आणि वर्गात जागा अकरा महिन्यांनी होती.

"पण हे दोन्ही बॉण्ड एकाच वेळी चालतात हं, एकापुढे एक नाही," क्रूप म्हणाले. "सरकार म्हणजे काही राक्षस नाही."

नियमांतली ही दयाबुद्धी खरोखर वाखाणण्यासारखी आहे. माणूस दोनदा बांधला तरी काळ एकदाच मोजतात.

पुढे समुद्रात पडल्यास तरंगण्याचं प्रशिक्षण आलं (सेवाबंध सहा महिने). हॉलोवेपासून जवळचा समुद्र सतराशे किलोमीटरवर आहे, म्हणून लोरेटाने सूट मागितली. सूट मागण्याचा अर्ज भरण्यासाठी दीड दिवसाचं शिबिर होतं. त्याचा सेवाबंध एक वर्ष. तुकडीतल्या बाकीच्या एकवीस वैमानिकांपैकी एकोणीस जणांनी पोहणं पत्करलं होतं. उरलेल्या दोघांना सूट मिळाली होती, आणि ते अजून वर्ष भरत होते. लोरेटाही मुकाट्याने पोहली.

या धामधुमीत लग्नाची तारीख निघाली: जूनचा दुसरा शनिवार. तो नेमका तळावर हजेरीचा शनिवार निघाला.

"आता पाचव्यांदा पत्रिका छापायच्या?" क्लेमेंट म्हणाला. "अगं, छापखानेवाला हल्ली मला बघितलं की मशीनच सुरू करतो."

"काही छापू नकोस. शनिवारीच करू."

"तू तळावर असशील ना?"

"मग तूही ये. जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची असते."

क्लेमेंटने एक जुनी पत्रिका उलटून तिच्या पाठीवर सूर लिहायला घेतले. मग म्हणाला, "मी बँड घेऊन येतो."

लग्न विमानाच्या पंखाखाली लागलं. शाळेतल्या पोरांनी हँगरचा पत्रा थरथरेल असं वाजवलं. पाद्रीबाईंनी "जन्मभर साथ द्याल?" असं विचारताच साक्षीदार क्रूप डोळे पुसत सवयीने पुटपुटले, "कुठल्या तारखेपासून धरायचं?" सगळा विधी छत्तीस मिनिटांत आटोपला. चार मिनिटं केकला मिळाली.

सहा वर्षं गेली. एका मंगळवारी सकाळी क्रूपांचा फोन आला. आवाज जड होता.

"मेजर, जरा बसून घ्या. तुमचे सगळे बॉण्ड संपलेत."

"सगळे?"

"तीनदा तपासलं. आजपासून तुम्ही मोकळ्या. काही चूक असती तर मला केवढा आनंद झाला असता!"

क्लेमेंटने तिला उचलून गोल फिरवलं आणि ट्रम्पेट काढून अंगणात जाऊन वाजवायला लागला. लोरेटा स्वयंपाकघरात उभी राहिली. आता दर शनिवार तिचा होता. घरावरून एक विमान गेलं. ते कोण चालवतंय हे तिने आवाजावरून ओळखलं: तुकडीतला डेलगाडो. नेहमीसारखा उशिरा वळला, गाढव कुठला! वळण कसं घ्यायचं हे त्याला कोण सांगणार आता?

अकरा वाजता ती क्रूपांच्या टेबलासमोर होती.

"शिकण्यासारखं काय आहे सध्या?"

क्रूपांनी खण उघडला. "नव्या यंत्रणेचा वर्ग आहे. सेवाबंध चार वर्षं."

"चारच?" लोरेटाने विचारलं, आणि पेन मागितलं.

वाचकहो, हसून घ्या. लोरेटाकडे निदान सुटकेची तारीख आहे, लेखी, सही-शिक्क्यासह. जरा बस्तान बसेपर्यंत म्हणून तुम्ही धरलेल्या नोकरीचं हे कितवं वर्ष? आणि तुमच्याकडून तर कोणी सहीसुद्धा घेतली नव्हती.