गुलाबरावांचं ओलं बारदान

आमच्या जिन्याखाली विजेची दोन मीटरं आहेत आणि त्यांच्यासमोरून जाताना गुलाबराव चपला काढून हातात घेतात. मी पहिल्यांदा तिथे मोठ्यानं "काय गुलाबराव, कसं काय?" म्हणालो, तेव्हा तोंडावर बोट ठेवून ते माझ्या कानाशी आले. "सर, हळू बोला. ते पाहून राहिलं."

'ते' म्हणजे मीटर. त्यात एक तांबडा दिवा मिचमिचत असतो. गुलाबरावांच्या मते तो डोळा आहे आणि माणूस बिनधास्त दिसला की तो जास्त भरभर मिचमिचतो.

गुलाबराव हे आमचे खालच्या मजल्यावरचे भाडेकरू. इथेच, अकोल्याच्या जठारपेठेत, त्यांचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक बाकडं आणि वर ताडपत्री. मोगऱ्याचा गजरा असा ओवतात की बघत राहावं. पण त्यांची खरी श्रद्धा बारदानावर. फुलं कोमेजली, टाक ओलं पोतं. माठ तापला, गुंडाळ ओलं पोतं. एकदा मला ताप आला, तर हे दारात पोतं घेऊन हजर. बायकोने त्यांना कसंबसं परत पाठवलं.

दोन वर्षांपूर्वी मी गच्चीवर सोलर बसवलं. गाठीला पैसे होते, छत माझं होतं, सरकारी अनुदानही मिळालं. बिल नावापुरतं उरलं आणि मी दिवसभर एसी लावून शिकवण्या घेऊ लागलो. गुलाबरावांचं मीटर वेगळं. त्यांना छत नाही, म्हणून सोलर नाही, म्हणून अनुदानही नाही. दर वाढले की ते त्यांच्यासाठीच वाढायचे. एकाच घरात, एकाच उन्हाखाली हे चाललं होतं आणि खरं सांगतो, मला दिसलं नाही. त्यांनीही कधी तक्रार केली नाही. "शंभर युनिटाच्या वर गेलं की मेलो आपण," एवढंच म्हणायचे आणि दिवा घालवून दारात बसायचे. मी घरात त्यांची नक्कल करून दाखवत असे.

यंदाच्या मे महिन्यात ती नक्कल बंद पडली. त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्या खाटेवरच आहेत. एका दुपारी गुलाबराव धाडधाड जिना चढत आले. चपला पायातच होत्या आणि ते मीटरसमोरून चक्क ओरडत आले होते.

"सर! ही बोलून नाई राहिली!"

खालची खोली नुसती भट्टी झाली होती. खाटेभोवती चारी बाजूंनी ओली पोती टांगलेली आणि कोपऱ्यात कूलर बंद.

"कूलर का बंद ठेवला?"

"नव्वद युनिट झाले होते सर. महिना संपाले अजून आठ दिवस आहेत."

शांताबाईंचा हात धरला. कोरडा आणि तापलेला. तसंच उचलून त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात सलाईन लावता लावता डॉक्टर म्हणाले, "अजून तासभर उशीर झाला असता तर..." त्या अर्ध्या वाक्याची मला अजून भीती वाटते.

शांताबाई वाचल्या. त्या घरी आल्या त्याच दिवशी वायरमनला बोलावून मी त्यांचा कूलर माझ्या मीटरवर घेतला. गुलाबरावांनी हात जोडले, तेव्हा मला मान वर करवेना.

चार दिवसांनी मोबाईलवर पाहतो तर भर दुपारी सोलरची वीज जवळजवळ बंद. गच्चीवर धावलो. साऱ्या प्लेटा ओल्या पोत्यांखाली झाकलेल्या आणि गुलाबराव बादली घेऊन त्यांवर पाणी शिंपडत होते. माझे पाय चपलेतूनही भाजत होते. ते अनवाणी होते.

"अहो, हे काय चालवलंय?"

"सर, हात लावून पाह्यला. चटकाच बसला. इतक्या उनात जित्या कशा राहतीन या?"

प्लेटांना ऊनच लागतं, हे मी समजावून सांगितलं. ते ओशाळले आणि एकेक पोतं काढून घड्या घालू लागले. "मले वाटलं, या गेल्या त कूलर गेला. आन् कूलर गेला त..." आणि त्यांनी पुढचं पोतं उचललं.

थोड्या वेळाने खाली उतरलो. त्यांचं दार उघडं होतं. कूलर पूर्ण वेगात सुरू होता. शांताबाई झोपल्या होत्या आणि उशाशी बसून गुलाबराव फुलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होते.

"गुलाबराव, कूलर चालू आहे की!"

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला, सर. आत्ता कुठं झोपली." मग कूलरकडे एक नजर टाकून कुजबुजले, "हे अचानक बंद पडलं त हात चालू पाह्यजे ना."

मी चपला काढून हातात घेतल्या आणि वर आलो.