जिभाऊंचं वऱ्हाड

सुरतेत पर्वत पाटियाच्या आमच्या चाळीत जिभाऊंकडे चहाला जायचं, म्हणजे आधी वऱ्हाडाची वाट बघत बसायचं. टेप सुरू झाला की ढीगभर व्हायोलिनं एकदम उसळायची. मी तोंड उघडलं की जिभाऊ बोट वर करत.

“चूप बठ. हाई वऱ्हाड शे. नवरदेव आजून येवाना शे.”

नवरदेव म्हणजे क्लॅरिनेट. तो एकटा पुढे होऊन गाऊ लागला की जिभाऊ नकळत टोपी सारखी करत. ओबो म्हणजे नवरी, आणि तो जाड, घोगरा ‘बसून’ नावाचा लांबलचक पावा म्हणजे सासरा. वाद्यांची खरी नावं मला पुष्कळ वर्षांनी कळली. जिभाऊंना ती कधीच कळली नाहीत, आणि त्यावाचून त्यांचं अडलंही नाही.

जिभाऊ हजिऱ्याच्या एका कारखान्यात ड्रायव्हर होते. तिथला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना त्यांना विलायती वाद्यवृंदाच्या कॅसेटींचा खोका देऊन गेला. एकट्या माणसाला तेवढीच करमणूक, म्हणून त्यांनी एक लावून पाहिली. त्यानंतर घरात दुसरं काही वाजलंच नाही. शेजारच्या कांताबेन ओरडायच्या, “जिभाऊ, आ शुं रडारोळ मांडी छे?” जिभाऊ आवाज जरा वाढवायचे.

प्लेगच्या साली सुरत बघता बघता रिकामी झाली. आम्हीही मिळेल त्या गाडीने धुळ्याला निघालो. जिभाऊंना चला म्हटलं, तर म्हणाले, “ड्यूटी शे.”

साथ ओसरल्यावर परतलो, तेव्हा कळलं की ड्यूटी वगैरे काही नव्हती. कारखान्याने सगळ्यांना सुट्टी दिली होती. कांताबेनचा पाय मोडलेला, मुलगा दूर, त्यांना हलवणार कोण? जिभाऊ दोन्ही वेळा खिचडी करून त्यांना नेऊन देत. मग आपल्या खोलीत येऊन टेप मधल्या भिंतीला टेकवून लावत. चाळीत त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

“मने कंई समज नी पडे,” कांताबेन मला म्हणाल्या. “पण वागे एटले थाय, बाजूमां माणस छे.” ते वाजलं की शेजारी माणूस आहे, एवढं त्यांना पुरायचं.

मी जिभाऊंना विचारलं, “खरं सांगा, आमच्याबरोबर गावी का नाही आलात?”

ते धोतराच्या सोग्याने एक कॅसेट पुसत होते.

“गावले कोन शे मनं?” ते म्हणाले. “आठे कोनीतरी आयकस तरी.”