तीनशे दोनसमोर साहेब बसले

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कुत्रा तिसऱ्या मजल्यावर, तीनशे दोन क्रमांकाच्या दारासमोर बसला.

एरवी कुत्रा बसला ही काही बातमी नव्हे. पण हा कुत्रा नऊ वर्षे पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकात होता. माल सापडला की भुंकायचे नाही, ओरबाडायचे नाही, मुकाट्याने खाली बसायचे, एवढेच त्याला शिकवलेले होते. त्याच्या बसण्यावर माणसे तुरुंगात गेली होती. आणि तीनशे दोनमध्ये इमारतीचे चिटणीस राहत होते. पत्नी आणि त्र्याऐंशी वर्षांच्या आईसह.

"साहेब बसले," पट्टा धरून उभा असलेला निवृत्त हवालदार म्हणाला. सेवेत असताना कुत्र्याचा हुद्दा त्याच्यापेक्षा एका पायरीने वर होता. दोघे एकाच दिवशी निवृत्त होऊन तळमजल्यावरच्या एकाच खोलीत राहायला आले, तरी अहो-जाहो सुटले नव्हते.

चिटणीस तोंडात दात घासायचा ब्रश घेऊनच दारात आले होते. "उठव त्याला."

"त्यांना उठवता येत नाही. नोंद झाली की ते आपणहून उठतात."

नोंद कशी करायची हे चिटणिसांनीच ठरवून दिले होते. महिन्यापूर्वी त्यांनी इमारत नशामुक्त करण्याचा ठराव मांडला. कलमे तीन. रोज सकाळी कुत्रा सगळे जिने फिरेल. ज्या दारासमोर तो बसेल त्या घराची दोन पंचांसमक्ष झडती होईल. झडतीत काही सापडले नाही, तर माल आधीच हलवला आहे असे समजून घर रिकामे करण्याची नोटीस दिली जाईल. तिसऱ्या कलमावर बैठकीत फारसे कोणी बोलले नाही. चहा आला होता.

बोलली ती फक्त चौथ्या मजल्यावर, चारशे दोनमध्ये भाड्याने राहणारी वकिलीची विद्यार्थिनी. बंद दाराआड माणूस काय करतो हे विचारायला निदान कारण तरी लागते, असे तिचे म्हणणे होते. "ज्याच्या मनात काळं नाही त्याला झडतीची भीती कशाला?" असे चिटणीस म्हणाले आणि ते वाक्य त्यांनी इतिवृत्तातही घालून घेतले. या बुधवारी कुत्रा नेमका तिच्या दारासमोर बसला. झडतीत कायद्याची सोळा पुस्तके आणि पाणी तापवायची किटली सापडली. म्हणजे काही सापडले नाही. म्हणजे नोटीस. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत तिने खोली सोडायची होती आणि मंगळवारी तिचा शेवटचा पेपर होता.

सात पंचवीसला ती खाली आली. तिच्या हातात ठरावाची प्रत होती.

"काका, पंच म्हणून मी चालेन का?"

"हे बघ, झडती वगैरे काही नाही. घर म्हणजे घर असतं. माणसाला खाजगी आयुष्य आहे की नाही?"

"बुधवारी नव्हतं. आज कधी आलं?"

"तुझी गोष्ट वेगळी."

"बरोबर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

चिटणिसांनी ब्रश खिशात घातला. "समजा झडती घेतली आणि काहीच सापडलं नाही, मग?"

"मग कलम तीन. आपण दोघंही उद्या सहा वाजता फुटपाथवर."

आतून चिटणिसांच्या पत्नीचा आवाज आला, "घेऊ द्या की झडती. माझी मोठी कात्री गेल्या वर्षापासून सापडत नाहीये."

दुसरे पंच म्हणून पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना बोलावण्यात आले. आठ वाजता झडती सुरू झाली. कात्री पंधरा मिनिटांत सापडली. तिच्यासोबत, चिटणिसांच्या लोकरी टोपीत गुंडाळलेले सिगारेटचे पाकीट सापडले. त्यात दोन शिल्लक होत्या. चार वर्षांपूर्वी आपण सिगारेट सोडली असे चिटणिसांनी पत्नीला सांगितले होते आणि त्याबद्दल तिने त्यांना एक घड्याळही घेतले होते.

"हे कायद्यात बसतं," चिटणीस पंचांना म्हणाले.

"कायद्यात बसतं," पत्नी म्हणाली. "घरात बसत नाही. घड्याळ काढा."

तेवढ्यात कुत्रा उठला. स्वयंपाकघराकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. थेट आतल्या खोलीत आईच्या पलंगापाशी जाऊन तो पुन्हा बसला. हवालदार मात्र दारातच थांबला आणि छताकडे पाहू लागला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने छताकडे पाहणारे आरोपी पुष्कळ पाहिले होते. विद्यार्थिनीच्याही ते नजरेतून सुटले नाही.

गादीच्या खालून निघालेला माल असा: क्रीमची बिस्किटे अकरा, गोळ्या सात, चॉकलेटची अर्धी वडी. आईला बारा वर्षे मधुमेह होता. घरातला गोड पदार्थ चिटणीस कुलपात ठेवत आणि किल्ली गळ्यात घालत.

"आई, हे काय?"

"बिस्किटं. चष्मा देऊ का?"

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, कमी करा. बंद तू केलंस."

"तुझ्या भल्यासाठीच ना?"

"भल्यासाठीच रे. तू दहा वर्षांचा असताना मी तुला पत्ते खेळू देत नव्हते, तेही भल्यासाठी. तू काय केलंस? गच्चीवर जाऊन खेळलास. मी तेच केलं. माझी गच्ची गादीखाली."

दंतवैद्यांनी एक गोळी उचलून पाहिली. "आजी, हे दातांना फार वाईट."

"दात माझे नाहीतच. काढून देऊ? त्यांचीही झडती घ्या."

"कोणी आणून दिलं हे?" चिटणिसांनी विचारले.

"नाव सांगणार नाही."

"आजी, आता एक शब्द बोलू नका," विद्यार्थिनी मध्ये पडली. "मी तुमची वकील."

"तू अजून पास कुठे झालीस?"

"मंगळवारी होईन. खोली राहिली तर."

हवालदाराने छतावरची नजर खाली आणली. "पुरवठा मी केला," तो म्हणाला. पुढचे सगळे त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावे तसे सांगितले. "माल साहेबांच्या छातीच्या पट्ट्यात, आतल्या खिशात. वेळ सहा पाच, घरातले सगळे झोपेत. साहेब दारासमोर बसायचे, आजी दार किलकिलं करून काढून घ्यायच्या. बावीस वर्षं मी असेच मार्ग पकडले. वेगळं शिकायला जावं लागलं नाही."

"मग आज सात दहाला कसे काय आलात?" विद्यार्थिनीने विचारले.

"साहेबांचा पाय आखडला होता. निघायलाच उशीर झाला."

चिटणिसांच्या जिवात जीव आला. "म्हणजे माझ्या घरात नशेचं काही नव्हतं. कुत्रा बिस्किटं पोचवायला बसला."

"आणि माझ्या दारात?" विद्यार्थिनीने हवालदाराला विचारले. "मला कोण काय पाठवतं?"

हवालदाराने कुत्र्याकडे पाहिले. कुत्र्याने त्याच्याकडे पाहिले नाही.

"चार मजले होतात," हवालदार म्हणाला. "मागचा सांधा गेलाय. वर पोचलो की ते कधी कधी... टेकतात."

"हे बुधवारी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर फेरी बंद झाली असती. निवृत्त झाल्यापासून ते नीट जेवत नव्हते, ताई. फेरी सुरू झाली आणि जेवायला लागले." त्याने पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "चूक माझी. त्यांची नाही."

मग विद्यार्थिनी चिटणिसांकडे वळली. "काका, नोटीस मागे घ्या."

चिटणीस विचारात पडले. मागे घ्यायची तर कारण लिहावे लागणार. लंगड्या कुत्र्यावर आपण एक घर रिकामे करायला निघालो होतो, हे इतिवृत्तात येणार. "कुत्रा दमला होता हे हवालदाराचं मत झालं," ते म्हणाले. "ठरावात मताला जागा नाही. नोटीस द्यायचं कलम आहे. मागे घ्यायचं नाही."

"कलम लिहिलं कोणी?"

"तो मुद्दा नाही."

बिस्किटे जप्त झाली आणि कुलपात गेली. फेरी बंद झाली. हवालदार कुत्र्याला घेऊन खाली गेला, उतरताना प्रत्येक वळणावर थांबत.

रविवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी आई कापडी पिशवी घेऊन घराबाहेर पडल्या. चिटणीस त्या वेळी दुपारची झोप घेत होते. सुनेने पाहिले, तिने विचारले फक्त, "स्वेटर घेतलात का?" वरच्या मजल्याला अठरा पायऱ्या आहेत. त्या चढायला आईंना अकरा मिनिटे लागली.

बरोबर सहाला चिटणीस नोटीस घेऊन चारशे दोनपाशी पोचले. दार आईंनी उघडले.

"कोण हवंय?"

"आई, खाली चल."

"मी इथे राहते. दुपारपासून. हिने मला ठेवून घेतलंय."

"ही खोली आता रिकामी करायची आहे."

"कर की. आधी मला काढ, मग हिला. पण पंच बोलव, नाहीतर तुझ्याच ठरावात बसायचं नाही."

आत विद्यार्थिनी पुस्तकातून मान वर न काढता पेन्सिलीने ओळी मारत होती. चिटणिसांनी आवाज खाली आणला. "तुझी औषधं?"

"आणलीत. सकाळी एक, संध्याकाळी एक. बिस्किट दिवसाला एक. मला मोजता येतं रे. तुला आकडे मीच शिकवले."

"आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, याने आईला नोटीस दिली. ज्याच्या मनात काळं नाही त्याला लोकांची भीती कशाला?" आणि आईंनी दार लावून घेतले. आपटले नाही. पोरीचा अभ्यास चालला होता.

सोमवारी सकाळी आठ वाजेपर्यंतची माहिती अशी: नोटीस मागे घेतलेली नाही आणि अमलात आणलेलीही नाही. सुनेने दोन उशा आणि रक्तातली साखर तपासायचे यंत्र वर नेऊन दिले. ती अजून खाली आलेली नाही, त्यामुळे तीनशे दोनमध्ये चहा झालेला नाही. नोटिशीवर सध्या एकच नाव आहे. दुसरे घालावे लागेल का, आणि घातले तर स्वतःच्या आईला स्वतःच नोटीस देणे कायद्याने चालते का, हे एखाद्या जाणकाराला विचारून घ्यावे असे चिटणिसांच्या मनात आहे. इमारतीत कायदा कळणारे माणूस एकच आहे. तिने दाराला बाहेरून चिठ्ठी लावली आहे: मंगळवारच्या पेपरनंतर भेटावे.