चोथ्याचा सत्कार

कारखान्याला सुगंध तयार करण्याचा रीतसर परवाना होता. दुर्गंधीसाठी वेगळा परवाना लागत नसल्यामुळे ती विनापरवाना, पण भरघोस प्रमाणात तयार होत असे. सुगंध पिंपांत भरून साबणवाल्यांकडे जाई आणि दुर्गंधी मागच्या नाल्यात. हा नाला वळसा घेऊन कारखान्याच्या मुख्य रसायनतज्ज्ञ बाईंच्या, म्हणजे सगळ्यांच्या ताईंच्या, घरामागून वाहत असे. तिथे ताईंचे सासरे वर्षानुवर्षं एका बंद खिडकीपाशी बसून होते.

"सूनबाई, तू दिवसभर गुलाबाचा वास बनवतेस म्हणे," ते विचारत. "मग आमच्या वाट्याला हे काय येतं?"

"बाबा, ही खिडकी मी तुम्हाला उघडून देणार आहे."

"कडी काय, मलाही काढता येते. खिडकी उघडी ठेवता आली पाहिजे."

दुखणं कुठे आहे ते ताईंना ठाऊक होतं. गुलाबगंधासाठी दोन रेणू जोडावे लागत आणि त्यांचं जुळवायला गंधकाचा एक जाडजूड मध्यस्थ बोलवावा लागे. जुळलं की हा मध्यस्थ करड्या, सडक्या वासाच्या चोथ्याच्या रूपाने बाहेर पडे. आत घातलेल्यातले निम्म्याहून अधिक अणू त्याच्याच पदरात जात. घातलेल्यापैकी किती अणू हव्या त्या मालात उतरले, या हिशेबाला कारखान्यात 'अणुमितव्यय' म्हणत. त्याचा आकडा मोठे साहेब दार लावून घेतल्याशिवाय उच्चारत नसत.

ताईंनी मध्यस्थालाच फाटा दिला. चिमूटभर उत्प्रेरक घातला की दोन्ही रेणू अख्खेच्या अख्खे एकमेकांना चिकटत आणि उत्प्रेरक काम उरकून जसाच्या तसा परत येई. चोथ्याचा प्रश्नच नाही. प्रयोगशाळेतल्या चंबूत सगळं जमलं होतं. आता मोठ्या टाकीत करायचं, तर ती काही आठवडे बंद ठेवून बदलावी लागणार होती.

"बंद?" मोठे साहेब दचकले. "ताई, ज्या सुधारणेसाठी काहीतरी थांबवावं लागतं, तिला आपण अडचण म्हणतो."

तेवढ्यात साबणवाल्यांनीच कळवलं, की अणुमितव्यय सुधारा, नाहीतर माल नको. ताबडतोब 'अणुमितव्यय सुधारणा समिती' स्थापन झाली आणि तिच्यावर बाहेरून एक सल्लागार आणण्यात आले. त्यांनी रसायनशास्त्र शाळेतच सोडलं होतं, त्यामुळे त्यांची दृष्टी स्वच्छ होती.

"सूत्रात काय आहे?" त्यांनी विचारलं. "हवा असलेला माल भागिले घातलेला सगळा माल. बरोबर? मग चोथा नको आहे, हे ठरवलं कोणी?"

"एकदा वास घेऊन बघा," ताई म्हणाल्या.

"वास हा अभिप्राय झाला, ताई. मी ठरावाबद्दल विचारतोय."

ठराव खरोखरच नव्हता. तो त्याच दुपारी झाला: 'चोथा हवा आहे.' टाकीला कुणी बोटही लावलं नाही आणि संध्याकाळच्या चहापर्यंत अणुमितव्यय शंभर टक्क्यांवर जाऊन बसला.

"पण हवा आहे तो कुणाला?" ताईंनी विचारलं.

समिती विचारात पडली. जी वस्तू कुणालाच नको असते, तरी माणूस दोन्ही हातांनी घेतो, हसून फोटो काढतो आणि जन्मात फेकत नाही, अशी वस्तू कोणती? समितीच्या खोलीतलं कपाट अशाच वस्तूंनी भरलेलं होतं. सल्लागारांनी नुसतं तिकडे बोट दाखवलं.

स्मृतिचिन्हं!

चोथा साच्यात दाबला, वर सोनेरी वॉर्निश मारलं. टाळ्या थांबेपर्यंत वॉर्निश वास धरून ठेवत असे. पुढची जबाबदारी सत्कारमूर्तीची. मागणी अशी काही उसळली, की शहरात सत्कार करायला माणसं कमी पडू लागली. निवृत्त होणाऱ्यांना चिन्ह, रुजू होणाऱ्यांना चिन्ह, आणि दोन्ही न करता वर्षानुवर्षं बसून राहणाऱ्यांना मोठं चिन्ह.

चोथा पुरेना. टाकी दिवसरात्र चालू लागली आणि गुलाबगंध साठवायला पिंपं उरली नाहीत. मग साहेबांच्या तोंडी आदेशावरून जास्तीचा सुगंध नाल्यात सोडण्यात आला.

ताई पुन्हा आपला चंबू घेऊन गेल्या.

"तुमच्या पद्धतीत चोथा किती निघतो?" साहेबांनी विचारलं.

"अजिबात नाही."

साहेबांनी कीव केल्यासारखं बघितलं. "अहो ताई, मग चालायचं कसं? जरा मेहनत घ्या. थोडा तरी काढा."

वर्षअखेरीस अणुमितव्ययाच्या ऐतिहासिक सुधारणेबद्दल खुद्द ताईंचाच सत्कार ठरला. ताईंनी एकच वाक्य तयार केलं होतं: 'मंडळी, हा चोथा आहे.' त्या व्यासपीठावर चढल्या. चिन्ह हातात आलं. कारखान्याच्या पाटीवर साहेबांच्या भाच्याचंसुद्धा नाव होतं, ताईंचं कधी नव्हतं. इथे ते ठसठशीत कोरलेलं होतं. टाळ्या पडत होत्या.

"आभारी आहे," ताई म्हणाल्या.

घरी आल्या तर खिडकी सताड उघडी! नाल्यावरून गुलाबाची झुळूक येत होती आणि सासरे डोळे मिटून बसले होते.

"शब्द पाळलास हो, सूनबाई." मग त्यांनी डोळे उघडले, नाक वाकडं केलं. "पण आता घरात काय मेलंय?"

ताईंनी चिन्ह शोकेसमध्ये मधोमध ठेवलं.

"ते होय? टाक की नाल्यात."

"असं कसं टाकू, बाबा? माझं नाव आहे त्याच्यावर."

सासऱ्यांनी खुर्ची तेवढी फिरवली आणि डोकं खिडकीबाहेर काढून बसले.

आता तुम्ही ताईंना हसताय, हसा. पण तुमच्या शोकेसमध्ये, वरच्या कप्प्यात, तुमचं नाव कोरलेलं ते सोनेरी काहीतरी आहे ना? कशाबद्दल मिळालं होतं, ते आठवत नसेल तर राहू द्या. एकदा जवळ जाऊन वास तेवढा घ्या. येत नाही म्हणता?

मग सवय झाली असेल. घरात नवीन आलेल्या कुणाला तरी विचारा.